आधी हेन्नीला बघू दे

हेन्नी विरस्मा लहान असताना तिच्या घरात सिनेमाचं नाव काढायची सोय नव्हती. तिच्याच काय, न्यू वर्कममधल्या कुणाच्याच घरात नव्हती. मिशिगन सरोवराच्या काठचं आमचं गाव. सगळे डच वंशाचे, रविवारी दोन-दोनदा चर्चला जाणारे. पत्ते, नाच आणि सिनेमा ही तीन पापं पाद्रीबुवा एका दमात सांगायचे. हेन्नीचा बाप तर चित्रपटगृह आलं की रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेने चालायचा, जणू भिंतीतूनच काहीतरी अंगावर उडेल. पुढे चर्चने बंदी सैल केली तेव्हा लोक शेजारच्या गावी जाऊन सिनेमे बघायला लागले. तिथे ओळखीचं कुणी भेटणार नाही म्हणून जायचे, आणि तिथे सगळं न्यू वर्कमच भेटायचं.

मी आणि हेन्नी शाळेच्या स्वयंपाकघरात एकत्र कामाला होतो. ती उंच, हाडापेराने दणकट, आणि जिभेला हाड नसलेली. पोरं तिला टान्टे हेन्नी म्हणत, म्हणजे हेन्नी मावशी. वाटाण्याचं सूप नको म्हणणाऱ्या पोराच्या ताटात ती दोन डाव जास्त घालायची आणि वर म्हणायची, "तुझ्या आजोबाने हेच पिऊन जंगल तोडलं. तुला चमचा उचलवत नाही?"

तिचा नवरा आरेंट फर्निचरच्या कारखान्यात होता. अबोल माणूस. एका शरद ऋतूत त्याने घरच्या गॅरेजमध्ये गळफास घेतला. का, ते कुणाला कळलं नाही. त्याला पहिल्यांदा पाहिलं ते मुलीने, नेलने. नऊ वर्षांची पोर सायकल काढायला आत गेली होती. गावाने रीतीप्रमाणे हॅम घातलेले पाव आणले, बटाट्याची भांडी आणली, आणि सगळे "अपघात" म्हणाले. हेन्नी तेवढी "अपघात" म्हणाली नाही. ती काहीच म्हणाली नाही.

पुढच्या वर्षी नाताळच्या सुट्टीत, पोरीने जरा हसावं म्हणून ती नेलला एका विनोदी सिनेमाला घेऊन गेली. आत जायच्या आधी दाराशी लावलेलं पोस्टर तिने खालपर्यंत वाचलं. तिथे बारीक अक्षरांत पालकांसाठी सूचना होती: मुलांनी आईवडिलांसोबत पाहावा, किरकोळ शिव्या आहेत. शिव्यांचं काय एवढं, म्हणून ती आत गेली.

सिनेमात एक जाडा खानावळवाला होता. दर थोड्या वेळाने तो गळफास घ्यायला जायचा आणि दोर तुटून कधी केकमध्ये, कधी डुकरांच्या खुराड्यात पडायचा. सगळं थिएटर खदखदत होतं. नेलसुद्धा हसत होती. हेन्नीला वाटलं, पोरीला कळलं नसेल. मग प्रसंग बदलला, लोक हसायचे थांबले, पण नेल थांबली नाही. अंधारात तिचं एकटीचं हसू चालूच राहिलं. हेन्नीने तिचा हात धरला तर तो बर्फासारखा गार, आणि खालची खुर्ची ओली झालेली.

पोरीला कडेवर घेऊन ती बाहेर आली. नऊ-दहा वर्षांची पोर, पाय लोंबकळताहेत. व्यवस्थापक म्हणाला, "बाई, पोस्टरवर सगळं लिहिलेलं असतं. वाचून यायचं."

"वाचूनच आले," हेन्नी म्हणाली. "दोन शिव्या आहेत असं लिहिलंय. दोन शिव्या मी तुला आत्ता देते, त्यांनी माझ्या पोरीला काही होणार नाही. बाकीचं कुणी लिहायचं?"

ते कुणीच लिहिणार नव्हतं, म्हणून तिने स्वतः लिहायचं ठरवलं. ज्या बाईच्या बापाने थिएटरसमोरून जायला नको म्हणून रस्ता बदलला, ती बाई दर बुधवारी दुपारच्या खेळाला एकटी जाऊन बसायला लागली. सोबत कॉफीचा थर्मास आणि एक छोटी विजेरी. रविवारी चर्चमध्ये वाटतात त्या पत्रकाच्या मागच्या बाजूला तिचा मजकूर यायचा. भाषा तिच्या बोलण्यासारखीच. "कुत्रा मरतो. दाखवायला नको होता, तरी दाखवला आहे." "आई-बाप भांडतात ते खरं वाटतं. घरी तसं होत असेल तर मुलांना नेऊ नका." "यात वाईट काही नाही, चांगलंही काही नाही. घरी राहा." गावात म्हणच पडली. मुलांनी सिनेमाचा हट्ट धरला की आया म्हणायच्या, "आधी हेन्नीला बघू दे."

बघून आल्यावर तिचा चेहरा मात्र बघवत नसे. शेजारीच राहायची, त्यामुळे मला दिसायचं. आल्याआल्या कोट काढून ती आधी शेगडी घासायची, स्वच्छ असली तरी. मी म्हणायचे, "अगं, झेपत नाही तर कशाला जातेस?"

"ग्रेटा, मारामारीची मला भीती नाही वाटत. पण हे लोक माणसाला चिरतात आणि वर गाणं लावतात. आज एका म्हातारीला जिन्यावरून ढकललं, तर मागचे दोघे टाळ्या पिटत होते. मी मान वळवून बघितलं. चांगल्या घरचे होते."

पालकांचे फोन यायचे ते वेगळेच. एक बाई दर महिन्याला फोन करायची. तिला एकच काळजी.

"हेन्नी, त्या लढाईच्या सिनेमात तसलं काही आहे का गं?"

"तसलं म्हणजे? एका माणसाचे पाय तुटून उडतात. एक गाव जाळतात, लोक आत असताना."

"ते असू दे. मिठ्या-बिठ्या, उघडं अंग?"

"एक नर्स पाठमोरी आंघोळ करते. डोक्यावर पाणी घेते, एवढंच."

"अगंबाई! बरं झालं विचारलं. मग नाही नेत हो मुलांना."

फोन ठेवून हेन्नी माझ्याकडे बघत राहिली. "गाव जाळलेलं चालतं," ती म्हणाली, "आंघोळ केलेली नाही चालत."

असं बरीच वर्षं चाललं. नेल मोठी झाली, शिकली, शिकागोला दवाखान्यात लागली. आम्ही दोघी नोकरीतून निवृत्त झालो. मग घरोघरी संगणक आले, आणि ग्रँड रॅपिड्सहून टेरेन्स पोस्मा नावाचा तरुण हेन्नीला शोधत आला. गोड बोलणारा, केस चापूनचोपून बसवलेले. पालकांसाठी तो एक संकेतस्थळ काढणार होता. प्रत्येक सिनेमात काय काय आहे ते आधीच सांगायचं. हेन्नीचं काम सगळ्या देशाला उपयोगी पडेल म्हणाला. फक्त थोडं शिस्तीत लिहायचं: हिंसा वेगळी, भाषा वेगळी, अंगप्रदर्शन वेगळं. आणि प्रत्येक प्रसंग कितव्या मिनिटाला येतो, किती वेळ चालतो, नेमकं काय दिसतं, तेही.

"मिनिटं कशाला?" तिने विचारलं.

"म्हणजे आईवडिलांना तेवढा भाग पुढे ढकलता येईल, मिसेस विरस्मा."

तिला ते पटलं. मलाही पटलं, खोटं कशाला बोलू. तेव्हापासून ती घरी बसून सिनेमे बघायला लागली, आणि नको ते प्रसंग थांबवून, मागे नेऊन, परत परत बघायला लागली. कुठल्याही आईची फसगत होऊ नये म्हणून काही सोडायची नाही. नेल फोनवर ओरडायची, "आई, तू ही घाण का उपसतेस?" ती म्हणायची, "गटार कुणीतरी साफ करायचंच असतं ना?"

मग आमच्या जुन्या मुख्याध्यापकांच्या बायकोचं दफन झालं. दफनानंतर चर्चच्या दालनात नेहमीचं जेवण होतं, हॅमचे पाव आणि बटाट्याचं सॅलड. गेराल्ड बाउकेमा ताट घेऊन हेन्नीशेजारी येऊन उभा राहिला. गेराल्ड म्हणजे चर्चच्या कारभारी मंडळातला वडीलधारा. गवत कापायच्या यंत्रांचं दुकान, सहा फूट उंची, प्रार्थना म्हणायला लागला की खिडक्यांच्या काचा थरथरतात. गावच्या वाचनालयातून घाणेरडे सिनेमे काढून टाका म्हणून त्याने समिती नेमली होती आणि तोच तिचा अध्यक्ष होता.

"हेन्नी, तुझे आभार मानायचे राहिलेत," तो म्हणाला.

"कशाबद्दल?"

"तुझ्या त्या टिपांबद्दल. माणसाचा केवढा वेळ वाचतो! दोन-दोन तासांची रडकथा कोण बघत बसणार? तू मिनिट लिहिलेलं असतंस. तिथे नेऊन लावलं की झालं."

हेन्नीला आधी कळलंच नाही. "काय लावलं की झालं?"

त्याने डोळा मारला. "आमची बाई रजया शिवायच्या मंडळात गेली की घर मोकळं असतं. आता भोळेपणाचा आव आणू नकोस. इतकं चवीने लिहितेस, तुलाही मजा येतच असणार की."

असं म्हणून त्याने तिच्या ताटातलं लोणचं उचललं, तोंडात टाकलं आणि पाद्रीबुवांशी बोलायला निघून गेला.

मी आत कप विसळत होते. हेन्नी आली आणि तिने तिचं भरलेलं ताट कचऱ्यात उपडं केलं. हेन्नीने अन्न टाकलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. जे झालं ते तिने सांगितलं आणि म्हणाली, "अंगावरून गोगलगाय गेल्यासारखं वाटतंय. धुतलं तरी चिकटच लागणार."

"एक नासका आंबट म्हातारा आहे तो," मी म्हणाले. "सगळे काही तसे नसतात."

"ते मला टेरेन्सच्या तोंडून ऐकायचंय."

तिने मला गाडी काढायला लावली. टेरेन्सच्या कचेरीत आता बरीच पोरं कामाला होती, मधोमध एक झोपाळा टांगलेला. त्याने आमचं हसून स्वागत केलं. हेन्नीने गेराल्डचं नाव न घेता विचारलं, असा उपयोग कुणी करतं का?

तो ओशाळला वगैरे काही नाही. "अहो, हे आम्हाला पहिल्यापासून माहीत आहे. निम्म्याहून जास्त लोकांच्या घरी मुलंबाळंच नसतात. पण वाचक तो वाचक. आणि तुमची तर पानं सगळ्यांत जास्त वाचली जातात, मिसेस विरस्मा. पहिल्या क्रमांकाचं पानही तुमचंच आहे."

"कुठलं?"

त्याने सिनेमाचं नाव सांगितलं. मला ते ठाऊक होतं. बारा वर्षांच्या एका मुलीची गोष्ट, तिच्या घरातलाच माणूस तिला छळतो. हेन्नीने तो सिनेमा रडत रडत बघितला होता. कुठली पोर नकळत समोर बसायला नको, म्हणून एकूण एक प्रसंग तिने बारकाईने लिहिला होता.

"लोक काय शोधत येतात त्या पानावर?" तिने विचारलं.

टेरेन्सने संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. लोकांनी कुठले शब्द टाइप केले की ते पान समोर येतं, ते तिथे दिसत होतं. ते शब्द मी इथे लिहिणार नाही. हेन्नीने दोन ओळी वाचल्या, टेबलाखालची कचऱ्याची टोपली ओढली आणि त्यात ओकली.

टेरेन्सने पाणी आणलं. तिने ते घेतलं नाही.

"ते पान काढून टाक."

"तसं नाही करता येत. त्या पानावरच्या जाहिरातींवरच तर इथला खर्च निघतो. आणि विचार करा, खऱ्या आईवडिलांनाही त्याचा उपयोग होतोच ना?"

"खऱ्या आईवडिलांच्या पदराआड तू काय लपवतोयस ते तुला दिसतंय का?"

"मिसेस विरस्मा, मी काहीच लिहिलेलं नाही," तो शांतपणे म्हणाला. "लिहिलंय तुम्ही."

परतल्यावर ती थेट घरी गेली आणि संगणकासमोर बसली. तिच्या नावाने तिला तिची पानं अजून बदलता येत होती. एकेक पान उघडून तिने मिनिटं खोडली, अंगांची वर्णनं खोडली, आणि जुन्या पत्रकातल्यासारखं साधं लिहिलं. त्या मुलीच्या सिनेमाखाली तिने लिहिलं: "यात एका मुलीवर अत्याचार होतो. जिच्यावर असं बेतलंय तिने हा एकटीने बघू नये. बाकी तुम्ही इथे काय हुंगत आलात ते मला माहीत आहे. लाज धरा."

एवढी खटपट आठवडाभरही टिकली नाही. टेरेन्सच्या पोरांनी जुनी पानं परत लावली आणि तिचं खातं बंद करून तिला बाहेर काढलं. नाव तरी काढा म्हणून तिने भांडण केलं. नाव काढलं. तिचे शब्द अजून तिथेच आहेत. कोण कुठे बसून ते वाचतंय, हा विचार मनात आला की ती जेवताजेवता घास खाली ठेवते.

त्याच हिवाळ्यात चर्चमध्ये सभा भरली. गेराल्डच्या समितीचा ठराव होता: त्या संकेतस्थळाच्या इशाऱ्यांप्रमाणे वाचनालयाने सिनेमे निवडावेत. गेराल्डने पवित्र ग्रंथातलं एक वचन म्हटलं, शुद्ध नजरेबद्दलचं. मग विचारलं, "कुणाला काही म्हणायचंय?"

हेन्नी उभी राहिली. "मला म्हणायचंय. मुलांना सांभाळायला म्हणून ते मी लिहिलं. आता ते वाटाड्यासारखं वापरतात. घाणीपर्यंत सरळ नेऊन सोडतं. गेराल्ड, तू ते कसं वापरतोस ते सांग सगळ्यांना. मला दफनाच्या दिवशी सांगितलंस तसंच सांग."

गेराल्डचा चेहरा बिटासारखा लाल झाला. मग तो मोठ्याने हसला. "बिचारी हेन्नी! इतकी वर्षं ते सगळं बघून डोक्यावर परिणाम होणारच. आपण तिच्यासाठी प्रार्थना करू या."

आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या. तो प्रार्थना करायला लागला. हेन्नीच्या मनाच्या शांतीसाठी! मी मान खाली घातली नाही, म्हणून मला दिसलं की गेराल्डची बायको टेबलावरच्या चुरलेल्या बिस्किटाकडे डोळे फाडून बघत होती. हेन्नी कोट घालून प्रार्थना चालू असतानाच निघाली. मीही निघाले.

पुढे काय झालं म्हणाल, तर गेराल्डला काहीच झालं नाही. वसंतात लोकांनी त्याच्याच दुकानातून यंत्रं घेतली. तोंड फिरवलं ते हेन्नीकडून. "असलं चर्चमध्ये बोलतात का?" म्हणे. आपण केलेलं चालतं, दुसऱ्याने त्याचं नाव घेतलेलं चालत नाही. आमच्या गावाच्या या सोवळेपणाची मला त्या वर्षी जेवढी शिसारी आली तेवढी कुठल्या सिनेमाची कधी आली नाही.

एवढं होऊनही उन्हाळ्यात हेन्नीचा फोन वाजायला लागला. आधी चोरून, मग उघडपणे. तिने नियम केला: लिहून काही देणार नाही, विचारेल त्याला तोंडी सांगणार, आणि सांगायच्या आधी आपण विचारणार. मूल कुठलं? कशाला घाबरतं? घरात काय झालंय?

एकदा जोलीनचा फोन आला. गेराल्डची धाकटी सून. मी हेन्नीकडेच दाणे सोलत बसले होते. जोलीनने कुठल्याशा परीकथेबद्दल विचारलं, हेन्नीने सांगितलं. तरी जोलीन फोन ठेवेना.

"टान्टे हेन्नी," ती शेवटी म्हणाली, "सभेत तुम्ही बोललात ते खरं होतं?"

"माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. त्यापलीकडे मला काही माहीत नाही, आणि माहीत नसलेलं मी बोलणार नाही."

"आमची लेक दर शनिवारी तिकडे असते. आजोबांबरोबर सिनेमे बघते."

हेन्नीने फोन दुसऱ्या कानाला लावला. "मग शनिवारी तू पण जा. नाहीतर तिला घरी ठेव. आणि तिला विचार, जोलीन, घाई न करता. बाहुल्या खेळत असेल तेव्हा विचार. उत्तर काहीही येवो, ओरडू नकोस."

त्या मुलीला काही झालं नव्हतं, जोलीनने नंतर सांगितलं. पण शनिवार बंद झाले ते झाले. गेराल्डने मुलाशी भांडण काढलं, सुनेला नावं ठेवली. सून हलली नाही. त्या एका गोष्टीपुरता मी हेन्नीचा चेहरा निवळलेला पाहिला, तोही थोडाच वेळ.

मध्यंतरी एका बापाचा फोन आला, कधी न भेटलेल्या माणसाचा. बायको इस्पितळात होती, औषधांनी केस गेलेले, आणि मुलाला एका अस्वलाचा कार्टून सिनेमा बघायचा होता. त्यात अस्वलाची आई आजारी पडते. दाखवू की नको?

हेन्नीने आधी मुलाचं वय विचारलं. मग म्हणाली, "दाखवा. पण तुम्ही शेजारी बसा, आणि आई आजारी पडली की सिनेमा थांबवा. तो काहीतरी विचारेल. उत्तर द्या, मगच पुढे लावा."

आता ती ऐंशीच्या घरात आहे. बुधवारचा दुपारचा खेळ चुकवत नाही. परवा परत आली, कोट काढला आणि लगेच शेगडी घासायला लागली.

"कसा होता?" मी विचारलं.

"भिकार. तू जाऊ नकोस. तुला मांजरं आवडतात."